ओलं फडकं

बोनेटवर उजवा तळहात ठेवून काका म्हणायचे, "आत्ता बघा. आत्ता काही होतंय का हिला?"

आत्ता खरंच काही होत नसे. गाडी शिवणयंत्रासारखी चालू असायची. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या खाली माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि दुकानासमोरच काकांची पार्किंगची जागा होती. त्यामुळे हे वाक्य मी कितीदा ऐकलं याचा हिशेब नाही. वॉचमनला, दूधवाल्याला, मला, जो दिसेल त्याला काका ते ऐकवत. माणूस सातपूरच्या कारखान्यात फोरमन म्हणून निवृत्त झालेला. सरळ बोलणारा, शर्टाची इस्त्री न मोडणारा. स्वतःच्या गाडीने लोकांसमोर आपल्याला खोटं पाडावं, हे त्यांना फार लागायचं.

गाडी जुनी होती. कधी महिना महिना काही कुरकुर नाही आणि मग एखाद्या दिवशी भर रस्त्यात इंजिन गप्प. चावी फिरवली की स्टार्टर घरघरतो, पण गाडी सुरू होत नाही. थोड्या वेळाने आपली आपण सुरू होते. द्वारका चौकातल्या मिस्त्रींकडे नेली की तिथे एकदम ठणठणीत.

"काका, मशीन लावलं, काहीच दाखवत नाय," मिस्त्री म्हणायचे. "पेट्रोलचा पंप बदलला, कॉइल बदलली. आता बंद पडलेली गाडी माझ्यासमोर आणा, तर काही कळेल."

"बंद पडलेली गाडी आणू कशी?" काका विचारायचे. मिस्त्री हसायचे. काकांना हसू येत नसे.

गाडीवाचून त्यांचं अडत होतं, कारण काकूंचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा गंगापूर रोडवरच्या हॉस्पिटलात जायचं. मी एकदा म्हटलं, "काका, रिक्षाने जात जा ना."

"येताना तिच्यात जीव नसतो, ताई. रिक्षात मान टेकायला जागा नाही."

म्हणून डावीकडची सीट मागे पाडून, तिच्यावर घडी घातलेली सोलापुरी चादर अंथरून ते काकूंना बसवायचे. भर उन्हाळ्यातही काकूंच्या मांडीवर स्वेटर असायचा. डायलिसिसच्या वेळी थंडी वाजते, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. काकू बोलायला फटकळ. गाडीला त्या सवत म्हणायच्या. "तिच्या अंगाला हात लावून ताप बघतात," त्या दुकानाच्या पायरीवर टेकून म्हणायच्या, "माझा तेवढा नर्सने बघायचा." काका ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरत.

गाडी बंद पडली की काकांचा एक इलाज ठरलेला होता. जुन्या गाड्यांत गरमीने पेट्रोलची वाफ व्हायची, नळीत अडकायची, तेव्हा नळीवर ओलं फडकं ठेवायचे. काका तेच करत. डिकीत पाण्याची बाटली आणि सुती फडकं कायम असे. फडकं ठेवायचं, थांबायचं, चावी फिरवायची. आणि गाडी सुरू व्हायची. काकांच्या लेखी तो इलाज सिद्ध झालेला होता. काकूंना मात्र डॉक्टरांनी दिवसाला मोजून पाणी सांगितलेलं. उन्हात बसून त्या ती बाटली इंजिनावर रिकामी होताना बघायच्या. "माझ्या वाटचं पाजा तिला," त्या म्हणाल्या होत्या. हे मला काकांनीच सांगितलं, नंतर.

तो दिवस मे महिन्यातला. डायलिसिसला दुपारची वेळ मिळालेली होती. त्र्यंबक नाक्याच्या अलीकडे सिग्नलला गाडी बंद पडली. काकांनी ती ढकलून कडेला घेतली, फडकं ठेवलं. काकू म्हणाल्या, "रिक्षा बघा आता." काका म्हणाले, "होईल चालू. दर वेळी होते." झालीही. शंभर पावलं गेली आणि पुन्हा थांबली. पुन्हा फडकं, पुन्हा थांबणं. शेवटी रिक्षाच केली. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत काकूंची खाट ताटकळलेल्या दुसऱ्या पेशंटला दिलेली होती. नर्सने वजन केलं, रक्तदाब पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीला यायला सांगितलं.

उजाडता उजाडता काकूंचा श्वास लागला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मी खाली उभी होते. काकूंना खुर्चीत बसवून उतरवलं. त्यांना बोलता येत नव्हतं. काका मागून चप्पल न घालता धावत होते. हॉस्पिटलात तासाभरात सगळं संपलं.

डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय आधीच कमजोर होतं, एका दिवसाच्या उशिराने असं झालं म्हणता येणार नाही. काकांनी ऐकून घेतलं, हात जोडले. येवल्याहून मुलगी आली होती. दिवसकार्य झाल्यावर ती म्हणाली, "अप्पा, चला माझ्याकडे." ते म्हणाले, "येतो. आधी गाडीचं बघतो."

मग रोज दुपारी ते गाडी सुरू करून ठेवू लागले. बोनेट उघडं, काका स्टुलावर, इंजिन तापतंय. दुपारी मी दुकान बंद ठेवते, तेव्हा कधी पाणी घेऊन जायचे, कधी नुसतीच उभी राहायचे. धुराची तक्रार आली. सेक्रेटरी सांगायला आले, काकांचा चेहरा पाहून तसेच परत गेले. तुम्ही असतात तरी तेच केलं असतं.

एका दुपारी ती बंद पडली. काका जागचे हलले नाहीत. फडकं घेतलं नाही. त्यांनी मिस्त्रींना फोन लावला, "बंद पडलीय. आहात तसे या."

मिस्त्री जेवण टाकून आले. मशीन जोडलं आणि काकांना स्टार्टर मारायला सांगितलं. इंजिन घरघरत होतं आणि मशीनवर फेऱ्यांचा आकडा शून्य दिसत होता. मिस्त्री गाडीखाली शिरले, बराच वेळ चाचपत राहिले. बाहेर आले तेव्हा कपाळ काळं झालेलं होतं.

"सेन्सरची वायर आहे, काका. इंजिन फिरतंय हे हाच सेन्सर सांगतो. तो बोलला नाय की गाडी पेट्रोल सोडत नाय. वायर वरून चांगली दिसते, पण आत तार तुटलीय. गरम झाली की टोकं सुटतात. थंड झाली की परत चिकटतात."

काकांनी विचारलं, "आणि ते फडकं?"

मिस्त्री हात पुसत राहिले.

"सांगा ना. फडक्याने काय व्हायचं?"

"काय नाय, काका. ते तर नळीवर. वायर खाली, दुसऱ्या बाजूला. आपण थांबायचो ना, तेवढ्यात ती थंड व्हायची."

काका स्टुलावर बसले. "म्हणजे मी नुसता थांबत होतो," ते म्हणाले. "ती रिक्षा बघा म्हणत होती, आणि मी थांबत होतो."

मिस्त्रींनी तिथेच नवी वायर जोडली, सेन्सरही बदलला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी दुकान बंद करत होते, तेव्हा काका आले. "ताई, येता का? गाडी बघायचीय. मागे बसा." पुढच्या सीटवर चादर तशीच होती. मुंबई नाका झाला. त्र्यंबक नाक्याला सिग्नल लाल होता. ऊन काचेतून भाजत होतं. हिरवा झाला, गाडी निघाली. अशोकस्तंभ, मग गंगापूर रोड. कुठे साधा झटकासुद्धा नाही.

हॉस्पिटलच्या गेटमधून आत वळलो, तर तिथला वॉचमन गाडी ओळखून उठला. चाकाची खुर्ची ढकलत आला, सवयीने डावं दार उघडलं आणि आत वाकला. नुसती चादर होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. दार हळूच लावलं आणि रिकामी खुर्ची घेऊन परत गेला.

मी म्हटलं, "काका, निघायचं का?"

"थांबा जरा," ते म्हणाले. "बंद पडते का बघू."

दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते बसून राहिले. इंजिन एकसारखं चालू होतं.