दादा फिरतीवर गेलाय

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची सरकारी नोकरी. आजोबा, वडील, दादा, सगळे निजामाच्या कचेऱ्यांतून उर्दू मसुदे लिहिणारे. त्यामुळे आमच्या घरात खोटंसुद्धा कचेरीच्या पद्धतीनं, नीटनेटकं बोललं जायचं. त्या नीटनेटकेपणाची मला आजही शिसारी येते. त्यात माझा हात होता, म्हणून जरा जास्तच येते.

मी तेव्हा सतरा वर्षांची. जामबागच्या शाळेतून नाव काढून मला घरी बसवलं होतं, कारण नल्लकुंट्याच्या एका वकिलांकडे माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. वहिनी बाळंतपणाला माहेरी, परभणीला गेल्या होत्या. दादा मालगुजारीच्या, म्हणजे जमीनमहसुलाच्या, कचेरीत नोकरीला होता. एक दिवस तो दुपारीच घरी आला, शेरवानी खुंटीला लावली आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत भिंतीला टेकून बसला. दुसऱ्या दिवशी उठलाच नाही.

ताप नाही, खोकला नाही. दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. न्हाणीघरात गेला की एक तांब्या अंगावर घेऊन तसाच बसून राहायचा, पाणी गार होईपर्यंत. आई रडकुंडीला आली. तिला तो म्हणाला, "आई, मला उठवतच नाही गं. का ते माझं मलाच कळत नाही." मग त्यानं एकच गोष्ट मागितली. त्याच्या कचेरीत एक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते, त्याचे वरिष्ठ. "त्यांना बोलावणं पाठवा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

वडील म्हणाले, "कचेरीत बभ्रा करायचाय का?" आणि दौत-टाक घेऊन रजेची अर्जी लिहायला बसले. सुरेख अक्षरात कारण लिहिलं, बुखार.

शेजारीपाजारी मात्र ताप म्हणून सांगायची सोय नव्हती. ताप म्हटलं की आमची अख्खी चिक्कडपल्ली समाचाराला लोटली असती. समाचार म्हणजे काय, तर बायकांनी सरळ आत शिरायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याला निरखायचं आणि घरी जाऊन तिखटमीठ लावून सांगायचं. ते नल्लकुंट्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? म्हणून वडिलांनी ठरवलं की बाहेर सांगायचं, दादा कामासाठी फिरतीवर गेलाय. वहिनींनासुद्धा पत्रातून तेच कळवलं. बाळंतिणीला खोटं कळवताना त्यांचा टाक जराही अडखळला नाही.

बायका आल्या की स्वयंपाकघरात यायच्या आणि तिथून दादाची खोली दिसायची. त्यामुळे दाराची कडी वाजली की माझं काम ठरलेलं होतं. दादाला उठवायचं, मागच्या अंगणातल्या लाकडाच्या खोलीत नेऊन बसवायचं, त्याचं अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकायचं आणि मग दार उघडायचं. त्या लाकडाच्या खोलीत सरपण होतं, विंचू निघायचे, बसायला एक गोणपाट. मी दंडाला धरलं की तो मुकाट्यानं उठायचा. दादानं एकदा तरी माझा हात झिडकारला असता तर मला बरं वाटलं असतं. मी धाकटी बहीण, आणि त्याला हाकलताना माझा आवाज चढायला लागला होता. "चल लवकर, आल्या बघ त्या," असं मी त्याला म्हणायची.

एका दुपारी समोरच्या काकू पोहे खात म्हणाल्या, "भाग्यवान हो तुम्ही, साहेबांचा केवढा भरवसा मुलावर." तेवढ्यात लाकडाच्या खोलीतून ठसक्याचा आवाज आला. आई म्हणाली, "मांजर शिरलं असेल मेलं," आणि त्यांना आणखी पोहे वाढले. मीही मान डोलावली. आमच्यासारखी कोडगी माणसं मी पुढं फारशी पाहिली नाहीत.

असे पंचवीसेक दिवस गेले. मग एक दिवस कडी वाजली. मी सगळं रीतसर उरकून दार उघडलं, तर दारात कचेरीतले तेच गृहस्थ, हातात मोसंब्यांची पिशवी. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "दादा घरात नाहीत. फिरतीवर गेलेत."

ते म्हणाले, "अर्जी में तो बुखार लिखे ना, बेटी."

 वडील आतून आले आणि शांतपणे म्हणाले, "बुखार उतरा, तो वैसेच दौरे पे गया."

"साब," ते खालच्या आवाजात म्हणाले, "दौरे पे भेजने का हुक्म मेरेच हाथ से निकलता. निकला नईं."

 तेवढ्यात मागच्या दारात दादा उभा राहिला. वाढलेली दाढी, धोतराला लाकडाची साल चिकटलेली. त्या गृहस्थांचा आवाज ऐकून तो आपणहून उठला होता. म्हणाला, "मैं यहींच हूँ."

एवढं बोलून दादा सवयीनं पुन्हा मागं वळला. दादापाठोपाठ ते लाकडाच्या खोलीत गेले, जोडे काढले आणि गोणपाटावर त्याच्या शेजारी बसले.  मी दाराशीच घुटमळत होते. मग ते म्हणाले, "मेरे को भी हुआ था. दो बरस. किसी को बोल्या नईं, वोच गलती हुई." आणि दादा हमसून हमसून रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून ते कचेरी सुटली की रोज येऊ लागले. दादाला फिरायला नेत, त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडेही घेऊन गेले. दादा काही चुटकीसरशी बरा झाला नाही. मधे पुन्हा महिनाभर पडून होता, पण कचेरीत परत जायला लागला. वडिलांना शेवटपर्यंत एकच घोर, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणायचं ते म्हणाले. वकिलांनी मला नाकारलं ते मुलगी काळी म्हणून. दादाचं त्यांच्या कानावरही गेलं नव्हतं.

पुढं माझं लग्न दुसरीकडे झालं. कितीतरी वर्षांनी माहेरी गेले होते, तेव्हा दादाशेजारी शेंगा सोलत बसले होते. धीर करून विचारलं, "दादा, मी तुला त्या खोलीत ढकलायची, तू ओरडला का नाहीस?"

त्यानं शेंगा बाजूला ठेवल्या. "त्या खोलीतून पुढचं दार लांब नव्हतं, सगळं ऐकू यायचं," तो म्हणाला. "रोज कुणीतरी विचारायचं आणि तू सांगायचीस, दादा घरात नाही. आईसुद्धा तेच सांगायची. सुरुवातीला राग यायचा. मग एक दिवस मलाही वाटलं, खरंच नसेन मी. आणि नसलेल्या माणसानं ओरडायचं कुणाला?"