शिरीषने न काढलेले फोटो

मंडळी, आज दुपारपासून माझं डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे लिहितोय.

मागच्या आठवड्यात आम्ही चार मित्र बायकांसह इटली फिरून आलो. समुद्राकाठच्या त्या गावांत जिकडे जावं तिकडे पायऱ्या. आमचा शिरीष, ग्लासगोचा डॉक्टर, दर वळणावर कॅमेरा डोळ्याला लावून थांबायचा. "व्हा पुढे, लाइट काय सुंदर आहे!" मी वरून ओरडायचो, "फोटोग्राफर, जेवायला तरी पोचशील ना?" सगळे हसायचे.

आज फोटो बघायला सगळे लंडनला, वेम्बलीत माझ्या घरी जमले. शिरीषचा कॅमेरा मीच टीव्हीला जोडला. रोम झालं, फ्लॉरेन्स झालं. त्या गावांचा एकही फोटो नाही.

"अरे, पायऱ्यांवरचे कुठेत?" त्याची बायको मेधा म्हणाली.

शिरीष खाली बघत म्हणाला, "दम खात होतो गं. छातीत आवळल्यासारखं व्हायचं. तुमची ट्रिप कशाला मोडायची?"

रोज पेशंटना हेच विचारणारा माणूस! मेधा एवढंच म्हणाली, "बूट घाल." मी गाडी काढली. आता तो ॲडमिट आहे, उद्या तपासण्या आहेत.

माझ्या दुकानात मागच्या शेल्फवरचा डबा हलला तरी मला गल्ल्यावर ऐकू येतं. पण त्या पायऱ्यांवर कॅमेऱ्याचा क्लिक एकदाही वाजला नाही, ते कळलं नाही. मी हसत होतो ना.

तुमच्या ग्रुपमध्ये मागे कोण राहतं? त्याला आजच फोन कराल?