मोडलेली काडी

कडब्याच्या गंजीचा वास आला की मला वाशिमच्या वकिलाची ओसरी आठवते. नवऱ्यानं पाच पंचांसमोर कडब्याची काडी मोडून मला सोडलं, तेव्हा पोरगी माझ्याजवळच राहील असं ठरलं होतं. पुढच्याच पोळ्याला तो तिला चार दिवसांसाठी म्हणून घेऊन गेला आणि परत आणलंच नाही. मी केनवडहून बाजाराच्या बैलगाडीत बसून एकटीच वकिलाकडे गेले. त्यानं विचारलं, "फारकतीचा कागद कुठं हाय?" मी पदराची गाठ सोडली आणि जपून ठेवलेली ती मोडकी काडी त्याच्यापुढे धरली. कारकून हसला. वकील हसला नाही. म्हणाला, "बाई, इंग्रजाच्या कोर्टात काडी चालत नाही. एखाद्या पंचाले साक्षीले आण." चार पंचांनी दारातूनच वाटेला लावलं. पाचवा माझा सख्खा चुलता. तो म्हणाला, "पोरगी काय, आज ना उद्या परक्याच्या घरी जाईनच. काहून रडून राह्यली?" ती काडी अजून माझ्या पेटीत आहे. लेकीनं कधी येऊन विचारलं, मला टाकलं काहून, तर दाखवायला माझ्याजवळ तेवढंच आहे.