उज्ज्वलाचा मुलुख माझ्या नावावर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित आज तोंड उघडतंय. की मी भित्री आहे म्हणून? तेही असेल.

आधी रविवारांबद्दल बोलू दे. वडगावला तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत माझ्या भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी कचेरी बंद, कोर्ट बंद, म्हणून दुकानही बंद. शटर अर्धं ओढून आम्ही पाच जण मागच्या खोलीत गोष्टीचा खेळ खेळायचो. म्हणजे फासे, कागद, पेन्सिली आणि तोंड. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. दार तुटलं की आपलंच डोकं फुटलं, ते फासे ठरवणार. नियम एका परदेशी खेळाचे. ते इंग्रजीतून वाचून सगळ्यांना समजावले मी. लोणावळ्याची, इंग्रजी शाळेतली — तेवढा रुबाब होताच माझा.

पण गोष्ट चालवायची ती उज्ज्वला. बेडशाची. देहूरोडला नोकरी करायची, रविवारी मात्र न चुकता यायची. तिने एक मुलुख रचला होता — डोंगराच्या पोटात कोरलेली पाण्याची टाकी, प्रत्येक टाक्याला एक राखणदार, आणि सगळ्या राखणदारांचा एकच कायदा: तहानेल्याला गाव विचारायचं नाही. हे सारं तिच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. ती बोलायला लागली की आमचे चहा निवून जायचे. अजूनही रविवारी दुपारी तिचा आवाज ऐकावासा वाटतो — अगदी पोटातून वाटतो. हे सांगायची लाज नाही वाटत. पुढचं सांगायची वाटते.

त्या परदेशी खेळाचा परवाना खुला होता. म्हणजे त्यांचे नियम घेऊन कुणीही आपलं पुस्तक काढावं, विकावं, विचारायलासुद्धा येऊ नये. अट एवढीच, की पुस्तकात तो परवाना छापायचा आणि आपल्या मजकुरातलं काय दुसऱ्यांना खुलं, काय राखीव, ते स्पष्ट लिहायचं. मी उज्ज्वलाचा मुलुख लिहून काढला, त्याचं मराठी पुस्तक केलं. तिला विचारून, बरं का. ती म्हणाली होती, "छाप की. कुणीबी खेळू दे."

कुणीबी. आणि मी काय केलं? नियम खुले ठेवले — ते माझे नव्हतेच. मुलुख, टाकी, राखणदार, त्यांचा कायदा — सगळं राखीव. हक्क माझ्या नावावर. तिचं नाव आभारात, माझ्या भावाच्या नावाखाली.

तिने पुस्तकाचा वास घेतला, आभारातल्या आपल्या नावावर बोट ठेवलं आणि हसली. परवान्याचं पान इंग्रजीत होतं. तेव्हा मी म्हणायचे, कायद्याची भाषा आहे, बदलता येत नाही. त्याच्याखालच्या माझ्या दोन ओळी तरी मराठीत लिहिता आल्या असत्या की नाही?

इथवर याला हावरटपणा म्हणता येईल. खरी गोष्ट पुढे आहे, आणि मी उगाच घोटाळतेय.

वर्षभराने तिने स्वतः एक गोष्ट लिहून आणली. एक राखणदारीण टाकं सोडून निघून जाते, आणि खेळणाऱ्यांनी तिला शोधायचं. वाचली आणि कळलं, की माझ्या अख्ख्या पुस्तकापेक्षा ही चांगली आहे. ती म्हणाली, "आपल्याच मुलखातली हाय. छापू का गं मी?"

मी म्हणाले, परवान्यात बसत नाही. परदेशातली कंपनी हरकत घेईल, प्रकरण कोर्टात जाईल. कोर्ट हा शब्द मी निवडून वापरला. तिच्या वडिलांची बांधाची केस समोरच्याच कोर्टात वर्षानुवर्षं चालली होती; तारखेला ते आमच्याकडे झेरॉक्स काढायला यायचे, आणि त्यांचा चेहरा मी पाहिला होता. उज्ज्वलाने आपले कागद गोळा केले. मग म्हणाली, "तू ईचारून बघ की त्यांना. तुला नीट लिवता येतंय." मी हो म्हणाले. थोडे दिवस जाऊ दिले आणि सांगितलं — नाही म्हणतात.

मी कुणालाही लिहिलं नव्हतं. लिहायचं कुणाला? कंपनीचा त्या मुलखाशी काही संबंधच नव्हता. तो राखून ठेवणारी मी, परवानगी देणारी मी. विचारायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतंच.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. उलट माझीच समजूत काढत बसली — तू तरी काय करणार म्हणाली. त्यानंतर काही रविवार आली, पण गोष्ट चालवेना. फासे टाकायची, बसून राहायची. मग लग्न झालं, येणं थांबलं. आम्ही दुसऱ्या गोष्टी खेळून पाहिल्या, जमलं नाही. त्या खोलीत आता कागदाची रिमं आहेत.

मध्यंतरी असे खुले परवाने मागे घेतले जाणार अशी चर्चा उठली आणि आमच्यासारखे छोटे प्रकाशक धास्तावले. पुण्यातल्या एका बैठकीत मी तावातावाने बोलले — गोष्टींना कुंपण घालणारे तुम्ही कोण? टाळ्या पडल्या. उज्ज्वलाने कुठेतरी तो व्हिडिओ पाहिला आणि मेसेज केला, "लय भारी बोललीस." मी अंगठा पाठवला.

तो मुलुख मी आजही खुला करू शकते. एका ओळीचं काम आहे. पण ती ओळ छापली की तिला कळणार, अडवलं कुणी होतं. म्हणून छापत नाही. मला तिची गोष्ट हवी आहे, तिच्या तोंडून, शटर अर्धं ओढून — आणि तिने मला चांगली समजावं हे त्याहून जास्त हवं आहे. हे इतकं साधं आहे, आणि इतकं वाईट.

मागच्या महिन्यात ती दुकानात आली. सोबत नणंद, तिला उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. भाऊ जेवायला गेलेला, मशीनपाशी मीच. उज्ज्वला जरा भरलीय अंगाने. हसताना मान अजून तशीच एका बाजूला जाते. नणंदेला म्हणाली, "ही माझी मैत्रीण बरं का, ताई. माझ्या गोष्टीसाठी लय झटली ही. पार परदेशात लिवलं हिनं. त्यांनीच परवानगी दिली न्हाई."

नणंदेने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी कागद मशीनवर पालथा ठेवला, झाकण लावलं.

"दोनदा लिहिलं होतं," मी म्हणाले.