भारंगीचं कडू पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही: माझी साखर भारंगीने उतरलेली नाही. निदान एकट्या भारंगीने नाही. मी गोळी घेतो. पिरंगुटला कारखान्याबाहेर गाडी लावली की डिकीतून पट्टी काढतो, गोळी गिळतो आणि मगच आत जातो.

ही चोरी आईपायी. वडिलांना आधी गोळी लागली, मग सुई, मग डायलिसिस. आईच्या मते त्यांना साखरेने नेलं नाही, गोळीने नेलं. कंपनीच्या तपासणीत माझ्याही रक्तात साखर निघाली, तेव्हा तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "गोळीला शिवणार न्हाई म्हण." मी म्हटलं. खोटी शपथ घेतली की जिच्या डोक्यावर हात, तिचंच वाईट होतं, असं आमच्या माले गावात मानतात. त्यानंतर आई नुसती खोकली तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं.

ती डोंगराच्या उतारावरून भारंगीचा कोवळा पाला आणायची. भाजी करताना तो उकडून पाणी पिळून टाकतात, इतकं ते कडू. आई टाकायची नाही, गाळून पेल्यात मला द्यायची. वर्षभरासाठी पाला सावलीत वाळवून भुकटीही करायची. पुढच्या तपासणीत साखर उतरली आणि आईने गावभर सांगितलं. त्यातच एका कॉलेजची पोरं पाला न्यायला आली. त्यांच्या बाई म्हणाल्या, उंदरांवर बघितलंय, साखर कमी होतेय असं दिसतं. शिवाय शरीराला आतून गंज चढू देत नाही म्हणतात तसला गुणही आहे, पण माणसांचं अजून सांगता येत नाही.

"म्हंजे आतून कल्हईच की!" आई म्हणाली. शेवटचं वाक्य तिने ऐकलंच नाही.

मामा, आईचा धाकटा भाऊ, शेजारच्याच आळीत राहतो. त्यालाही साखर. तो घरी येऊन माझ्यासमोर बसला. "भाच्या, खरं सांग, नुसतं पाणीच पितोस न्हवं?"

आई चुलीपाशीच होती. मी म्हणालो, "व्हय मामा."

त्याने गोळ्या सोडल्या.

चपलेचा अंगठा लागून त्याच्या पायाला फोड आला. तो भरेना. मला कळलं तेव्हा मामा पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून गोठ्यात शेण काढत होता. तसाच त्याला गाडीवर घालून पौडला नेला. साखर भलतीच चढली होती आणि एक बोट काळं पडलं होतं. गोळ्या का बंद केल्या, म्हणून डॉक्टर ओरडले. मामा म्हणाला, "माजंच डोकं फिरलं." त्याने बहिणीचं नाव घेतलं नाही, माझंही नाही.

दवाखान्यात आई आली ती फणकारतच. "माज्या पोराला गुण आला, तुलाच का न्हाई? चोरून पेढं हाणलं असशील! ल्हानपनापासनं जिभेला लगाम हाय का तुज्या?"

"आक्का, तुज्या गळ्याची आन, चहासुदिक बिनसाखरेचा पितोय गं."

"ऱ्हाऊ दे. आन कसली घेतोस!"

कुणाचाच विश्वास बसला नाही. त्याच्या सुनेने तर साखरेचा डबा वरच्या फळीवर चढवून ठेवला. खोटी शपथ आईला भोवेल म्हणून इतकी वर्षं मी तिच्याकडेच धास्तीने बघत होतो. वाईट व्हायचं ते मामाचं झालं.

काल आई चहा आणायला बाहेर गेली तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं. "ह्या सुया संपल्या की मी परत पाण्यावर येतो. माजंच कुटंतरी चुकलं असंल. तू कसं घेतोस, उपाशीपोटी का जेवून?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आई चहा घेऊन दारात आली.

"जेवून," मी म्हणालो.

परवा डॉक्टर त्याच्या पायाची पट्टी सोडून बघणार आहेत. काळं वर सरकलं असेल तर बोट काढावं लागेल, कदाचित त्याहून जास्त. भारंगीत गुण नाही असं मी म्हणत नाही; असेलही. पण मामाने चोरून काही खाल्लेलं नाही, चोरून खातोय तो मी, आणि त्याने सुई सोडायची नाही, हे आईच्या देखत त्याला सांगणं माझ्याकडून बाकी आहे.