चिनार बघायचे राहिले

सकाळी सातला बाळारामच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले." मी अर्धवट झोपेत म्हणालो, "अरे, गाडी सर्व्हिसिंगला टाकायची होती, तिकडेच गेला असेल." पलीकडे पोरगा रडायला लागला. आठ दिवसांनी आम्ही दोघं मित्र आणि आमच्या बायका गाडीने काश्मीरला निघणार होतो. बाळाराम गाडी पुसून अंगणातल्या खुर्चीत टेकला आणि तिथेच संपला. याला दीड महिना झाला, पण ते 'गेले' अजून माझ्या डोक्यात शिरत नाही.

बाळाराम भिवंडीजवळच्या वडप्याचा, मी भिवंडीतल्याच निजामपुऱ्याचा. शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी शिक्षक झालो, त्याने ट्रक धरला. भिवंडीचं कापड वर उत्तरेत न्यायचं आणि येताना काश्मीरहून सफरचंदं आणायची, यात त्याची कितीतरी वर्षं गेली. एकदा ऐन पानगळीत दरड कोसळून घाट बंद झाला आणि त्याचा ट्रक तीन दिवस एका गावाबाहेर चिनारांखाली अडकला. झाडं लाल, रस्ता लाल, ताडपत्रीवर पानांचा थर. "मास्तर, इतकी वर्सं त्याच रस्त्यानं गेलो, पन मान वर करून बगितलंच न्हवतं," तो सांगायचा. घरी येऊन त्याने हे यशोदावहिनींना सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मला कधी दाखवताय?" नाशिकच्या पुढे त्या कधी गेल्या नव्हत्या.

ट्रक सोडल्यावर त्याने जुनी कार घेतली ती यासाठीच. बेत माझ्या घरी ठरायचे, खालच्या मजल्यावरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात आवाज चढवून. विमानाने जाऊ म्हटलं की तो चिडायचा. डोंगर हळूहळू जवळ येताना दिसायला हवेत, हा त्याचा हट्ट. मुक्काम कुठे, जेवण कुठे, सगळं त्याला तोंडपाठ. "चार वाजले की घाटात गाडी न्हाय. आपन पानं बगायला चाललोय, माल टाकायला न्हाय."

खरं तर आम्ही गेल्या वर्षीच जाणार होतो. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. महिनाभर थांबता आलं असतं, डॉक्टरांची घाई नव्हती. पण मी म्हणालो, "पानं काय, दरवर्षी लाल होतात."  तो म्हणाला, "आदी डोळं करून घे. तुलाबी नीट दिसाय पायजे."

मला आता सगळं स्वच्छ दिसतं... आणि त्याची लाज वाटते.

तेराव्यानंतर वहिनी मला गाडीपाशी घेऊन गेल्या. त्यांनी पुढचं डावं दार उघडलं. सीटवर जेवायला बसायचा पाट होता. कोपरे तासून गोल केलेले, वर फोम, त्यावर वहिनींच्याच जुन्या साडीचं कापड ठोकलेलं. टाके नव्हते, नुसते बारीक खिळे, पण एकही वाकडा नाही.

"भाऊजी, हा पाट हरवला म्हणून दोन महिने मी यांच्याशी भांडतेय," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, मला काय ठाव?"

वहिनी ठेंगण्या. एरवी गाडीत बसल्या की त्यांना समोरच्या काचेतून जेमतेम आभाळ दिसायचं. त्या पदर सावरून पाटावर बसल्या. फाटकापलीकडे गोदामांचे पत्रे होते आणि त्यांच्याही वरून, लांबवर, डोंगराची कड.

"दिसतंय हो," त्या हळूच म्हणाल्या.

मी दार उघडं धरून उभा होतो. बराच वेळ त्या उतरल्या नाहीत.