दारापाशी बसायचा मान

चहा निवला तर निवू द्या, पण आज माझी फजिती ऐकवल्याबिगर मी काय उठत न्हाई. अन् फजिती म्हणजे साधीसुधी न्हवं! दुसरा कुणी असता तर गाव सोडून पळाला असता. मी मात्र अजून छाती काढून सांगतो.

निजामाचं राज्य होतं. सेलूत आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे मूठभर घरं. कुणी जिनिंगात कापसाची बोचकी उचलायचा, कुणी रेल्वेत रूळ ठोकायचा. प्रार्थनेला पत्र्याची एक खोली. पण भजन धरलं की तो पत्रा थरथरायचा, बरं का!

कमी एकच होती, आमाला आमचा पाळक न्हवता. परभणीचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. लेकराचा बाप्तिस्मा असो का म्हाताऱ्याची माती, त्यांच्या गाडीची वाट बघायची. आता मरणाराला काय गाडीची वेळ समजते?

लय मागं लागलो, तवा पाळकसाहेब म्हणाले, “येत्या रविवारी जालन्याचे मोठे पाळक येणार हायत. मंडळी बघतील अन् कायमचा पाळक द्यायचा का न्हाई ते ठरवतील. पण जपून! ते म्हणत्यात, दारूचा गुत्ता लांबून दिसतो, माणूस वळसा घालतो. मोठेपणाचा मोह मात्र धुतलेले कपडे घालून प्रार्थनेला येऊन बसतो, अन् मंडळी आतून पोखरतो. कोण पुढं पुढं करतो, तेच ते बघत्यात.”

मी मनात म्हणलं, पौलस, हे काम तुझंच! नम्रतेत आपला हात कोण धरणार? रोज मी सगळ्यात पुढं बसायचो. ठरवलं, त्या दिवशी एकदम दारात बसायचं, चपलांजवळ. मोठे पाळक चकितच झाले पाहिजेत!

ही गोष्ट मी फक्त माझ्या बायकोला, मार्थाला सांगितली. मार्थानं ती फक्त शिमोन मिस्त्रीच्या बायकोला सांगितली. शिमोन म्हणजे जिनिंगातला मिस्त्री. मी भजनात वरचा सूर लावला की हा गडी त्याच्याही वर लावणार. अन् त्याच्या बायकोनं कुणाला सांगितली? ते विचारूच नका!

रविवारी जाऊन बघतो तर काय! पुढची सतरंजी मोकळी, अन् अख्खी मंडळी दाराशी कोंबलेली! अन् शिमोन कुठं? माझ्याच जागेवर, चपलांवर मांडी घालून!

“मिस्त्री, पुढं बसा. तुमी मोठे माणूस.”

“मोठा कोण? मोठे तुमी!”

“मला मोठा म्हणता? तुमचा बाप मोठा!”

“बापावर जाऊ नका, पौलसराव! न्हाईतर सगळ्यांदेखत तुमाला संत म्हणीन!”

एवढ्या इज्जतीच्या शिव्या मी जन्मात खाल्ल्या न्हाईत.

शेवटी त्याला खांद्यानं रेटून मी उंबऱ्याला टेकलो. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “गाडी आली!” स्टेशनावर आमी झूल घातलेली बैलगाडी धाडली होती. आमी दोघं बाहेर धावलो. गाडी रिकामी! गाडीवाला म्हणाला, “कुणी साहेब उतरलेच न्हाईत.”

मोठे पाळक आले न्हाईत म्हणजे आमचा पाळक गेला! तसाच चिडून माघारी वळलो, तर माझ्या जागेवर एक म्हातारा. पाय धुळीनं भरलेले, बगलेत गाठोडं, उपरण्यानं घाम पुसायलाय.

“ओ पावणं, उठा. ती जागा माझी हाय.”

“राहू द्या, मी इथंच बरा हाय.”

“अवो, पुढं सगळी सतरंजी मोकळी हाय!”

“मग तिथं कुणी का बसंना?”

“तिथं गर्विष्ठ लोक बसत्यात!” मी म्हणलं, अन् त्याचा दंड धरून त्याला ओढत नेलं अन् नेऊन पार पुढं बसवलं. परत येऊन उंबऱ्यावर बसलो. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

म्हाताऱ्यानं सावकाश गाठोडं सोडलं. आतून पवित्रशास्त्र काढलं. उठून उभा राहिला अन् म्हणाला, “मी जालन्याहून आलोय. कुणी ओळखू नये म्हणून स्टेशनावरनं चालत आलो. या भावानं मला माझ्या जागेवर बसवलं, त्याचे उपकार.”

धरणी दुभंगावी असं वाटलं! मार्थानं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. सगळी मंडळी माझ्याकडं बघायली. माझ्या पायी सगळ्यांचा पाळक गेला!

अन् तवा उठला कोण? शिमोन! हात जोडून म्हणाला, “साहेब, त्याला एकट्याला धरू नका. त्या जागेसाठी मी पण भांडलो. चूक माझी मोठी हाय.”

अशी माणसं होती आमची मंडळी! माझा ऊर भरून आला. मी ताडकन उठलो. “न्हाई साहेब, माझी मोठी!”

“पौलसराव, खाली बसा. माझीच मोठी!”

“तुमची कशी मोठी? ओढलं कुणी त्यांना? मी का तुमी?”

मोठ्या पाळकांनी उपरणं तोंडात धरलं. खांदे गदागदा हालायले. आमाला वाटलं रडायलेत. ते हसत होते!

डोळे पुसून म्हणाले, “गंगाखेडची मंडळी शांत हाय, तिला महिन्यातून एकदा पाळक पुरतो. तुमाला मात्र रोजचा लागणार!”

अन् दिला की हो त्यांनी! पुढच्याच महिन्यात आमचा पाळक ट्रंका घेऊन सेलूच्या स्टेशनावर उतरला. भजन म्हणत आणला आमी त्याला.

आता तुमीच सांगा, सेलूला पाळक कुणामुळं मिळाला? शिमोन म्हणतो, त्याच्यामुळं. साफ खोटं! दंड धरून ओढणारा तर मी होतो ना!